किल्लीचं अनलॉक बटण अधूनमधूनच चालतं: सेल, स्विच, की नवी किल्लीच?

निरंजन

फ्लिप किल्ली आहे, तीन बटणांची: लॉक, अनलॉक, डिकी. लॉक आणि डिकी लांबून, अगदी पहिल्या दाबात चालतात. अनलॉक कधी लगेच होतं, कधी अंगठा रुतवून दाबलं तरी ढिम्म. सीआर२०३२ सेल नवा घातला, फरक नाही. मल्टिमीटरवर सेल ३.१ व्होल्ट दाखवतो. किल्ली फिरवली की गाडी नेहमीसारखी सुरू होते, इमोबिलायझरचा (ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) दिवा लुकलुकत नाही. दुसऱ्या किल्लीची सगळी बटणं चालतात.

कव्हरला बिजागराजवळ तडा गेलाय आणि अनलॉकवरचं रबर फाटलंय. नुसतं कव्हर बदलून भागेल, आतला स्विच बदलावा, की पूर्ण किल्ली नवी घेऊन प्रोग्राम करून घ्यावी? सोल्डरिंग येतं. आणि नवीच घ्यायची झाली तर कोऱ्या किल्लीत नेमकं काय काय जुळायला हवं?

ऑटोइलेक्ट्रिक_सुहास

तुमच्या वर्णनातच निम्मं उत्तर आहे.

अशा किल्लीत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बसवलेल्या असतात. पातं कुलूप फिरवतं. ट्रान्सपॉन्डर चिप इमोबिलायझरला ओळख पटवते. तिला सेल लागत नाही, इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला ऊर्जा मिळते. आणि रिमोटचा बोर्ड दारं उघडतो, त्यालाच फक्त सेल लागतो. गाडी सुरू होतेय म्हणजे पातं आणि चिप ठीक. लॉक लांबून चालतंय म्हणजे सेल, क्रिस्टल (लहरींची फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग), अँटेना ठीक. दुसरी किल्ली चालतेय म्हणजे गाडीतला रिसीव्हर आणि दारांच्या मोटरी ठीक. कोड गाडीशी सुटलेला असता तर लॉकही बंद पडलं असतं, कारण दर दाबाला बदलणाऱ्या कोडचा मोजणी-आकडा सगळ्या बटणांना मिळून एकच असतो. मग उरतो अनलॉकचा मायक्रोस्विच, म्हणजे बटणाखालचा छोटा स्विच, किंवा त्याचं सोल्डर. नव्या किल्लीचा विचार सध्या बाजूला ठेवा.

खात्री अशी करा. सेल काढा, बोर्ड बाहेर घ्या, मल्टिमीटर ओहमवर ठेवून स्विचच्या दोन टोकांना प्रोब लावा. स्विच चार पायांचा असेल तर पाय आतून जोडी-जोडीने जोडलेले असतात. भलत्याच जोडीवर प्रोब लावले तर न दाबताही शून्य दिसतं आणि चांगला स्विच शॉर्ट झालाय असं वाटतं. म्हणून प्रोब कर्णरेषेत, समोरासमोरच्या कोपऱ्यांवर लावा. चांगला स्विच दाबल्यावर एक-दोन ओहमच्या आत स्थिर राहतो. आकडा नाचत असेल किंवा शेकड्यांत जात असेल तर आतला पत्रा मळलाय किंवा झिजलाय. लॉकचा स्विच आधी मोजा, म्हणजे तुलनेला आकडा हाताशी राहील.

बोर्डावर छोटा एलईडी असेल तर त्याचाही उपयोग होतो. अनलॉक दाबल्यावर दार उघडलं नाही आणि एलईडीही लागला नाही, तर दाब रिमोटच्या बोर्डावरच्या मुख्य चिपपर्यंत पोचलेलाच नाही. उलट, एलईडी लागतो म्हणून रिमोट ठीक आहे असं मात्र समजू नका. किल्ली पडून क्रिस्टल फुटला तरी एलईडी बिनधास्त लागतो.

स्विच बदलताना लांबी-रुंदीपेक्षा उंचीकडे जास्त लक्ष द्या. बटणाच्या टोकापर्यंतची पूर्ण उंची कॅलिपरने मोजून घ्या. नवा स्विच अर्धा मिलिमीटर जरी उंच निघाला तरी कव्हर बंद केल्यावर तो दाबलेलाच राहतो. बुटका निघाला तर रबर त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि पुन्हा जोर लावत बसावं लागतं. सोल्डरिंगला बारीक टोक, ३२० ते ३५० अंश, भरपूर फ्लक्स. जुन्या पायांवर आधी थोडं ताजं सोल्डर चढवा, मग एकेक बाजू आलटून पालटून वितळवत स्विच उचला. ओढू नका, तांब्याचा पॅड उपटला की तार जोडत बसावं लागतं. हॉट एअर वापरणार असाल तर शेजारच्या स्विचवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) लावा, त्यांची प्लॅस्टिकची बटणं वितळतात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. तेलकट स्प्रे इथे नको. तो स्विचमध्ये शिरतो, धूळ धरून ठेवतो आणि काही दिवसांनी तोच त्रास परत सुरू होतो.

वैशाली

सुहास यांच्याशी सहमत, फक्त सेलबद्दल थोडी भर. नुसत्या सेलवर ३.१ व्होल्ट दिसले म्हणजे सेल चांगला, असं धरू नका. लिथियम सेलचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं आणि एकदम ढासळतं. खरी परीक्षा भाराखाली होते: सेल बोर्डात बसवून, बटण दाबून धरून त्याच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. २.७ च्या खाली घसरत असेल तर सेल दमलाय, किंवा होल्डरचं सोल्डर तडकलंय. होल्डरचे पाय बोटाने हलवून भिंगातून बघा. हलताना सोल्डरभोवती बारीक गोल चीर दिसली तर नुसतं गरम करू नका, जुनं सोल्डर ओढून घ्या आणि नवीन घाला.

मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू चवीचा थर दिलेला असतो. काही होल्डरमध्ये पत्र्याचा स्पर्श नेमका त्या थरावर होतो आणि नवा कोरा सेलही मेल्यासारखा वागतो. स्पर्शाची जागा अल्कोहोलने पुसा, नाहीतर थर नसलेला सेल घ्या. सीआर२०३२ च्या जागी सीआर२०२५ घालून वर पत्र्याची घडी कोंबण्याचा उद्योग करू नका. दोन्हींचा व्यास २० मिलिमीटरच आहे, पण जाडी ३.२ आणि २.५. किल्ली खिशात हलली की संपर्क सुटतो.

स्विच मोजताना न दाबलेल्या अवस्थेतही बघा. तिथे ओहममीटर अनंत दाखवायला हवा. सेल साधारण २२० मिलिअँपिअर-तासांचा असतो. रिमोट निपचित असताना १० मायक्रोअँपिअर जरी घेत असला तरी हिशोबाने २२,००० तास, म्हणजे अडीच वर्षं निघतात. तेच बटण अर्धवट दाबलेलं राहून १० मिलिअँपिअर जायला लागले तर एका दिवसात खेळ खलास. नवे सेल भराभर संपत असतील तर सेलच्या कंपनीला दोष देण्याआधी अडकलेलं बटण किंवा बोर्डावरचा हिरवट गंज शोधा.

आणि काढलेला सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावूनच टाका. मुलाने गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजून निघू शकते. तशी नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

निरंजन

मोजलं. लॉक आणि डिकी दाबल्यावर एक ओहमच्या आत. अनलॉक ४० पासून कित्येक शेपर्यंत नाचतो, न दाबता मात्र अनंत. बटण दाबून सेल २.९ वर राहतो, होल्डर घट्ट आहे. तेव्हा स्विचच बदलतो. कव्हरही बदलणार आहे. पातं आणि बोर्ड नव्या कव्हरमध्ये टाकले की झालं ना?

किल्लीघर

नाही, थांबा. जुनं कव्हर फेकण्याआधी चिप कुठे आहे ते शोधा. कव्हर बदलल्यावर गाडी सुरूच होत नाही, या तक्रारीचं नेहमीचं कारण हेच: चिप जुन्या कव्हरात राहते आणि कव्हर कचऱ्यात जातं.

काही किल्ल्यांत ट्रान्सपॉन्डर बोर्डावरच असतो. शेजारी काळी चौकोनी कॉइल दिसते. बाकीच्यांत चिप सुटी असते, पात्याच्या मुळाशी प्लॅस्टिकच्या खाचेत, बऱ्याचदा गोंदाने पक्की केलेली. दिसायला साधारण १२ मिलिमीटर लांबीची काळी पाचर किंवा काचेची बारीक नळी. तिला तारा नाहीत, पाय नाहीत, त्यामुळे प्लॅस्टिकचा तुकडा समजून लोक सोडून देतात.

ओळखायचा सोपा मार्ग: बोर्ड काढून दूर ठेवा, दुसरी किल्लीही जवळ नको. आता नुसतं पात्यासकट कव्हर इग्निशनमध्ये लावून फिरवा. गाडी सुरू होऊन चालू राहिली तर चिप कव्हरात आहे. सुरू झाली नाही, किंवा क्षणात बंद पडून इमोबिलायझरचा दिवा लुकलुकला, तर ती बोर्डावर आहे. मग निर्धास्त कव्हर बदला.

सुटी चिप काढताना पक्कड लावू नका, काचेची असेल तर तडकते. प्लॅस्टिक बाजूने थोडं थोडं कापत जा. नव्या कव्हरात तिला गोंदाचा एक थेंब पुरतो. पातं रोल पिनवर बसलेलं असतं. पिनच्या मापाच्या पंचने, खाली आधार देऊन, पिन सरळ रेषेत बाहेर ठोका. स्प्रिंग बसवताना बंद करण्याआधी अर्धा ते एक फेरा ताण द्यावा लागतो, नाहीतर पातं अर्ध्यावर लोंबतं. दिशा उलटी झाली तर उघडतच नाही, म्हणून जुनी स्प्रिंग सोडवण्याआधी फोटो काढून ठेवा. कव्हर घेताना स्क्रूची जागा, सेलचा होल्डर कुठे आहे आणि बटणांची ठेवण जुन्याशी ताडून बघा. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या कव्हरांत आतले खुंट वेगळे असतात आणि बोर्ड तिरका बसतो.

आता कोऱ्या किल्लीत काय जुळायला हवं ते. फ्रिक्वेन्सी: ३१५, ४३३.९२ किंवा काही गाड्यांत ८६८ मेगाहर्ट्झ. जुन्या बोर्डावरच्या क्रिस्टलवर १३.५६ छापलं असेल तर गोंधळू नका, त्याची ३२ पट म्हणजेच ४३३.९२. पण फ्रिक्वेन्सी एकच असूनही मॉड्युलेशन, म्हणजे लहरीवर संदेश चढवण्याची पद्धत, वेगळं असू शकतं, एएसके की एफएसके, आणि मग रिमोट गाडीत घालताच येत नाही. चिपचा प्रकार तंतोतंत हवा: आयडी४६, आयडी४८, ४डी, ८ए वगैरे. पात्याची धाटणी हवी. पण सगळ्यांत भरवशाचा म्हणजे जुन्या बोर्डावर किंवा कव्हराच्या आत छापलेला पार्ट नंबर. तो जुळला की बाकीचं बहुतेक आपोआप जुळतं. गाडीचं मॉडेल आणि वर्ष एवढ्यावर मागवू नका. एकाच वर्षात दोन प्रकारच्या किल्ल्या आलेल्या असू शकतात.

प्रोग्रामिंगला रिमोट वेगळं आणि चिप वेगळी. काही जुन्या गाड्यांत इग्निशन ठरावीक वेळा चालू-बंद करून रिमोट शिकवता येतं, पण चिपसाठी बहुतेक ठिकाणी ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाशी जोडणीची जागा) स्कॅनर आणि गाडीचा गुप्त पिन कोड लागतो. घरातल्या सगळ्या किल्ल्या सोबत न्या. अनेक गाड्यांत नवी किल्ली शिकवताना जुनी यादी पुसली जाते, आणि समोर नसलेली किल्ली बाद होते. काम चालू असताना गाडीची बॅटरी पडली तर इमोबिलायझर अर्धवट अवस्थेत अडकू शकतो, म्हणून चार्जर लावूनच हे करायचं. हरवलेली किल्ली यादीतून काढली तरी तिचं पातं दाराचं कुलूप उघडतंच, हेही लक्षात असू द्या.

मृण्मयी

याच धाग्यात विचारते. पुश बटण स्टार्टच्या किल्लीला हे सगळं लागू होतं का? किल्लीचा सेल संपला तर गाडी चालूच होणार नाही ना? आणि वापरलेली किल्ली स्वस्तात मिळाली तर घ्यावी का?

किल्लीघर

सेल संपला तरी गाडी चालू होते. किल्लीच्या पोटात लपवलेलं धातूचं पातं असतं, त्याने दार उघडा. मग किल्ली थेट स्टार्ट बटणाला टेकवा, ब्रेक दाबा आणि बटण दाबा. काही गाड्यांत कन्सोलमध्ये किंवा स्टिअरिंगच्या खोडावर ठरलेली जागा असते, मॅन्युअलमध्ये चित्र असतं. हीही चिप सेलशिवायच ओळख देते. सेल संपण्याआधी हे एकदा करून बघा, आणि पातं कोणती कळ सरकवल्यावर निघतं तेही पाहून ठेवा.

अशी किल्ली गाडीच्या अगदी जवळ किंवा टीव्ही, संगणकाशेजारी कायम ठेवली तर बाहेरच्या लहरींनी ती सारखी जागी होते आणि सेल लवकर संपतो.

वापरलेली मात्र सहसा नको. पुष्कळ स्मार्ट किल्ल्या एकदा एका गाडीला शिकवल्या की तिच्याशीच कुलूपबंद होतात, दुसरी गाडी त्यांना स्वीकारत नाही. विकणारा ती पुन्हा कोरी करून देणार असेल आणि तुमच्या गाडीत चालली नाही तर परत घेणार असेल, तरच बघा. आणि तसं लेखी घ्या.

निरंजन

चिप बोर्डावरच निघाली, कव्हरने गाडी सुरू झाली नाही. उंची मोजून स्विच मागवलाय. लॉकचा स्विचही त्याच वयाचा आहे, तोही सोबत बदलू का?

ऑटोइलेक्ट्रिक_सुहास

एक ओहमच्या आत आहे तर हात लावू नका. दर वेळी गरम केल्यावर पॅड थोडे कमकुवत होतात. एक जास्तीचा स्विच मागवून ठेवा, एवढं पुरे. कव्हर बंद करण्याआधी नुसत्या बोर्डात सेल घालून गाडीशेजारी तिन्ही बटणं तपासा. बंद केल्यावर पुन्हा तपासा. आधी चालून नंतर चाललं नाही, तर रबर आणि स्विचची उंची जमत नाहीये.

निरंजन

बरं, लॉकचा राहू देतो. सगळ्यांचे आभार, बसवल्यावर मोजमापं इथेच टाकतो.