गाडीतल्या जुन्या लिनिअरला (रेडिओची पॉवर वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला) कोणते ट्रान्झिस्टर?

मंडळी, १३.८ व्होल्टचा जुना एचएफ (शॉर्टवेव्ह रेडिओचा) अ‍ॅम्प्लिफायर आहे, त्यातल्या दोन २एससी२८७९ ट्रान्झिस्टरपैकी एक शॉर्ट झालाय, ओरिजनल मिळेना. आरडी१००एचएचएफ१ टाकले तर?

– थेट नाही चालणार भाऊ, तो मॉसफेट आहे, तुमचा जुना बायपोलर, म्हणजे दोन वेगळ्या जातींचे ट्रान्झिस्टर. जुन्या बायसला (ट्रान्झिस्टर किंचित चालू ठेवणाऱ्या स्थिर व्होल्टेजला) डायोडवर जेमतेम ०.७ व्होल्ट मिळतो, मॉसफेटच्या गेटला (कंट्रोलच्या टोकाला) त्याहून बराच जास्त लागतो, म्हणजे बायस नव्याने करा आणि इनपुट मॅचिंग (आत येणारा सिग्नल ट्रान्झिस्टरशी जुळवणारं सर्किट) पण.

– मी तर म्हणेन बायपोलरच शोधा, मॅच्ड पेअर (सारख्या गुणांची जोडी) घ्या, एकटा बदलू नका. आधी हीटसिंकसाठीची पेस्ट लावून स्क्रू आवळायचे मगच लीड सोल्डर करायच्या, नाहीतर ताण येऊन सिरॅमिक तडकतं. जुना पीस घासू-फोडू नका हं प्लीज, आत बेरिलियम ऑक्साइड असू शकतं, ती धूळ फुप्फुसाला घातक!

– आणि पहिला पॉवर डमी लोडवरच (अँटेनाऐवजी जोडायचा रेझिस्टर), करंट लिमिट लावून. ७३ (हॅम रेडिओवाल्यांच्या भाषेत शुभेच्छा)