मदत हवी आहे: दिवाळखोरी जाहीर केली तर घर वाचतं का?

त्रस्त_चिंचवडकर: नमस्कार. हप्ते थकलेत, बँक घर घ्यायला निघाली आहे. मित्र म्हणतो दिवाळखोरीचा अर्ज टाक, वसुली जागच्या जागी थांबते, अमेरिकेत लोक असंच फोरक्लोजर, म्हणजे बँकेने घर घेऊन विकणं, टाळतात. इथे अर्ज कुठे करायचा? वकील किती घेतात? घाई आहे. 'कर्ज काढलंच कशाला' विचारणाऱ्यांनी कृपया दुसरा धागा बघावा.

मिनूताई: घाई म्हणजे किती? नोटीस कुठली? कर्ज घरासाठी काढलंय की घरावर? घर कुणाच्या नावावर?

हिशेबी: फ्लोटिंग रेटचं गृहकर्ज असेल तर फोरक्लोजर चार्ज लागत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बिनधास्त करा.

मिनूताई: हिशेबी, ते मुदतीआधी कर्ज फेडणं. इथे माणसाचं घर चाललंय.

जर्सीचा_जोशी: मित्र बरोबर सांगतोय. आम्ही 2010 मध्ये चॅप्टर 13 केलं, म्हणजे इथल्या कायद्यातली हप्त्याने फेडायची दिवाळखोरी. अर्ज दाखल झाला की लिलाव थांबतो. थकबाकी 3 ते 5 वर्षांत फेडायची, चालू हप्ता मात्र चुकवायचा नाही. घर वाचलं आमचं. आधी क्रेडिट काउन्सेलिंग करून घ्या, सक्तीचं असतं.

निवृत्त_वसुलीवाला: जोशीबुवा, ते चिंचवडला राहतात. आपल्याकडे 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग लागू आहे तो कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच, डिसेंबर 2019 पासून. बाकीच्यांना अजून इंग्रजांचा 1920 चा नादारी (दिवाळखोरी) कायदा, मुंबईत 1909 चा. 500 रुपये देणं असलं तरी अर्ज करता येतो! पण ज्या बँकेकडे घर गहाण आहे तिला तो अडवत नाही, कलम 28(6). क्रेडिट कार्डवाले थांबतील, बँक नाही.

त्रस्त_चिंचवडकर: जरा सांगायचं राहिलं. कर्ज घरावरचं आहे, 38 लाख, भोसरीतल्या वर्कशॉपसाठी. घर बाबांच्या नावावर. दारावर ताब्याची नोटीस चिकटवून गेलेत, टेप थेट तोरणावरून मारलाय. सेक्रेटरीने फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तारीख 3 जून.

मिनूताई: अहो, आज 11 जुलै! हे 'जरा'?

निवृत्त_वसुलीवाला: ही सरफेसीची, म्हणजे कोर्टात न जाता बँकेला गहाण मालमत्ता घेऊ देणाऱ्या कायद्याची, कलम 13(4) ची नोटीस. कलम 17 खाली डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जायला 45 दिवस, म्हणजे 18 जुलै. डीआरटी पुण्यातच आहे. नुसत्या अर्जाने स्थगिती मिळत नाही, ती वेगळी मागायची, आणि बहुधा काही रक्कम भरायला लावतात. त्याआधीच्या 13(2) च्या, पैसे भरायला 60 दिवस देणाऱ्या नोटिशीला काय उत्तर दिलंत?

त्रस्त_चिंचवडकर: तसली नोटीस आलीच नाही.

निवृत्त_वसुलीवाला: मग तोच तुमचा मुख्य मुद्दा. पण आधी बाबांना विचारा.

खानदेशी_पाटील: राहतं घर जप्त होतच नाही. आमच्या गावात कुणाचं झालं नाही.

मिनूताई: पाटीलसाहेब, ती सवलत शेतकऱ्याच्या घराला, आणि तीही गहाण टाकलेलं नसेल तर.

विकून_मोकळा: डीआरटीत वकील पोसण्यापेक्षा स्वतः गिऱ्हाईक शोधा. मी तेच केलं. लिलावात भाव पडतो, वर खर्च आपल्याच खात्यात. बँक मॅनेजरसमोर खरेदीदाराला बसवलं, बँकेचे पैसे परस्पर गेले, उरले त्यात तळेगावला वन बीएचके आला.

निवृत्त_वसुलीवाला: बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकू नका, सरफेसीचं कलम 13(13). आणि पूर्ण पैसे भरून सोडवायचं तर लिलावाची जाहिरात छापून येण्याआधी. सरफेसीच्या 2016 च्या दुरुस्तीनंतर पुढे हक्क राहत नाही.

विकून_मोकळा: संमती घेतली होती. मॅनेजरसमोर म्हटलं ना? वाचत जा.

जर्सीचा_जोशी: तळेगावला आता काय भाव चालू आहे? आम्ही रिटायरमेंटला बघतोय.

त्रस्त_चिंचवडकर: बाबांच्या कपाटात बँकेचं पाकीट सापडलं. रजिस्टर एडी, मार्चमधलं. फोडलेलंसुद्धा नाही. पोस्टमनने घेतलेली सही बाबांचीच असणार. विचारलं तर म्हणाले, लाइट बिल वाटलं.

मिनूताई: मग 'मिळाली नाही' असं अर्जात लिहू नका. उद्या सकाळी वकील गाठा. पाकीट तसंच न्या, फोडू नका.

हिशेबी: फिक्स्ड रेट असेल तर मात्र चार्ज लागू शकतो, ते बघून घ्या.