अंदमानातल्या हॅवलॉकच्या स्कुबा डाइव्ह शॉपमध्ये भागीदारी घेतोय, रोजचं काम नेमकं काय असतं?

उत्तरवारा

नमस्कार मंडळी. वय ३४, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. तारकर्लीला ओपन वॉटर (स्कुबाचा पहिला कोर्स) केलं, हॅवलॉकला अ‍ॅडव्हान्स्ड, आणि गेल्या हिवाळ्यात तिथेच डाइव्हमास्टर (पाण्याखाली गाइड होण्याचा कोर्स) पूर्ण केलं. ज्या छोट्या दुकानात शिकलो त्याच्या मालकांना आता भागीदार हवा आहे आणि त्यांनी मला विचारलंय. पैशांची जुळवाजुळव होईल. बायको शिक्षिका आहे, मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. दोघांचाही विरोध नाही.

पण मी ते दुकान पाहिलं ते शिकाऊ म्हणून, तेही ऐन हंगामात. माझ्या आधी कोण उठायचं, मी गेल्यावर काय चालायचं, हे मला दिसलंच नाही. मालक दिवसातला किती वेळ पाण्यात असतो? पावसाळ्यात काय करतात? आणि रोजचाच धंदा झाल्यावर समुद्राची ओढ टिकते का? जे हे करतात त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

तीन_नंबर

उत्तरवारा, मी आणि माझा नवरा हॅवलॉकला (२०१८पासून कागदोपत्री स्वराज द्वीप) तीन नंबरच्या किनाऱ्याजवळ दुकान चालवतो. माझं माहेर गुहागर. इन्स्ट्रक्टर दोघंही आहोत, पण पाण्यात तो जास्त असतो आणि दुकान माझ्याकडे. म्हणजे तुला जे दिसलं नाही, ते माझं रोजचं काम.

इथलं घड्याळ मुंबईचं आणि सूर्य ब्रह्मदेशाजवळचा. डिसेंबरात संध्याकाळी पाचला सूर्य मावळतो, म्हणून सगळं पहाटेकडे सरकतं. उठल्यावर मी आधी भरती-ओहोटीचा तक्ता बघते. त्याच्या शेजारी कालनिर्णय टांगलंय आणि खरं सांगायचं तर नजर आधी तिथेच जाते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असेल तर ओहोटीला समोरचं पाणी इतकं मागे जातं की डुंगी (इथली होडी) लांबच उभी राहते आणि हवेच्या टाक्या खांद्यावरून तिथवर न्याव्या लागतात. भरलेली टाकी १६-१७ किलोची, पायाखाली धारदार दगड आणि मेलेलं प्रवाळ. अशा दिवशी बोट कधी निघणार हे मी ठरवत नाही, पाणी ठरवतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, समुद्र निवांत असतो. डिक्सन्स पिनॅकल किंवा जॉनीज गॉर्जसारख्या खोल, करंटच्या जागा त्या दिवसांत ठेवायच्या. हे मला कोणत्या कोर्सने शिकवलं नाही, वडील गुहागरला होडी कधी काढायची ते असंच ठरवायचे.

आता कॉम्प्रेसर, म्हणजे टाक्यांत हवा भरणारं यंत्र. तू भागीदारी घेणार ती समुद्रात नाही, या खोलीत घेणार, म्हणून जरा लांबण लावते. आमच्या दुकानातली सगळ्यात गरम, सगळ्यात आवाजाची जागा ती. बेटावरची वीज मुख्यतः डिझेल जनरेटरची. ती गेली की दुकानाचा जनरेटर लावायचा, आणि तेव्हा पहिला विचार करायचा तो वाऱ्याचा. जनरेटरचा धूर कॉम्प्रेसरच्या हवा ओढणाऱ्या नळीकडे गेला तर कार्बन मोनॉक्साइड टाकीत भरला जातो. त्याला वास नाही, चव नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट, तीसवर चौपट, म्हणजे वर ज्याने नुसतं डोकं जड झालं असतं ते खाली माणसाची शुद्ध घालवू शकतं. म्हणून आमची नळी छपराच्या वर, एका उंच बांबूला बांधलेली आहे, आणि वारा फिरला की कोणीतरी जाऊन जनरेटर बंद करतं, टाक्या अर्धवट राहिल्या तरी चालेल. दर दहा-पंधरा मिनिटांनी साचलेलं पाणी सोडायचं. हवेत इतका दमटपणा की फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या तासांच्या आधीच भरतो, तेव्हा बदलायचा तो आधीच. टाकी घाईने २०० बार दाबापर्यंत भरली तर ती तापते आणि थंड झाल्यावर काटा १८०वर येतो. पाहुण्याला वाटतं कमी हवा दिली. सावकाश भरायची. रात्री हे चालू असताना मी पुस्तक घेऊन दाराशी बसते, पण कान मशीनकडे. आवाजात जरा फरक पडला की उठते.

एखादा व्हॉल्व्ह गेला तर तो चेन्नईहून येतो, विमानाने नाहीतर जहाजाने, आणि जहाजाला तीनेक दिवस लागतात. सुटे भाग घेताना जोडीने घे.

मग माणसं. सावरकरांची कोठडी पाहायला महाराष्ट्रातून खूप लोक अंदमानात येतात, आणि सेल्युलर जेल झालं की दोन रात्री हॅवलॉक. आमच्याकडे मराठी ऐकलं की त्यांचे चेहरे खुलतात, माझाही खुलतो. चहा होतो, गाव निघतं, ओळखीतली ओळख निघते. आणि मग आरोग्याचा अर्ज समोर ठेवायचा. दमा आहे? हृदयाचं काही? कानाचं ऑपरेशन? गरोदर आहात? नव्वद टक्के लोक न वाचता सगळीकडे ‘नाही’ लिहितात. म्हणून मी तो अर्ज वाचून दाखवते, एकेक ओळ, चेहऱ्याकडे बघत. मागे साताऱ्याचं एक कुटुंब आलं होतं. आजोबांनी सगळं ‘नाही’ लिहिलं, पण शर्टाच्या वरच्या बटणाशी ऑपरेशनच्या टाक्यांची रेघ दिसत होती. विचारलं तर म्हणाले, बायपास होऊन पुष्कळ दिवस झाले, मी रोज टेकडी चढतो. मुलगा म्हणाला, ताई, आपलीच माणसं आहात, बाबांची शेवटची इच्छा समजा. शेजारच्या दुकानात हजार रुपये कमी सांगितलेत, ते काही विचारत पण नाहीत.

परक्या माणसाला नाही म्हणणं सोपं आहे. आपल्या भाषेत ‘बाळा’ म्हणणाऱ्या माणसाला नाही म्हणताना घसा दाटतो. मी नाहीच म्हटलं. आजोबा रागावले, बोटीवर मात्र आले. नातवंडं वर येईपर्यंत नावाड्याशी मासेमारीच्या गप्पा मारत बसले. या बेटावर मोठं हॉस्पिटल नाही. डाइव्हिंगच्या आजारासाठी (वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होतात तो) लागणारं प्रेशर चेंबर पोर्ट ब्लेअरला, आताच्या श्रीविजयपुरमला, नौदलाच्या रुग्णालयात आहे. मध्ये समुद्र आहे. आमचं प्रत्येक ‘नाही’ त्या अंतरामुळे आहे आणि मला त्याबद्दल कोणाची माफी मागावीशी वाटत नाही.

विमानाचंही तसंच. एकाहून जास्त डाइव्ह केल्यावर १८ तास विमानात बसू नये. उद्या सकाळचं तिकीट असणारा माणूस आज दुपारी दुसरी डाइव्ह मागतो. त्याला नाही म्हटलं की त्या डाइव्हचे पैसे गेले. तुझ्या भागीदाराला हे मान्य आहे का, ते सही करण्याआधी विचार. बाकी हिशोब नंतर.

दुपारी बोट आली की धुणं. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणणारं उपकरण) एका हौदात, वेटसूट दुसऱ्या, दोन्ही कधी एकत्र करायचे नाहीत. रेग्युलेटरची टोपी घट्ट लावल्याशिवाय पाण्यात घालायचा नाही. एप्रिलमध्ये गोडं पाणी कमी पडतं, तेव्हा टँकर मागवायचा आणि हौद निम्मे भरायचे. इंटरनेट २०२०च्या ऑगस्टमध्ये चेन्नईची केबल आल्यापासून चालतं, चांगलं चालतं.

पावसाळ्यात आम्ही पूर्ण बंद नसतो. नैर्ऋत्येचा वारा पश्चिमेला राधानगरच्या बाजूला आदळतो, आमची बाजू आडोशाला आहे, त्यामुळे मधूनमधून शांत दिवस मिळतात. पण फेरीबोटी रद्द होतात, पाहुणे कमी. बोट किनाऱ्यावर ओढून तळ खरवडायचा, रंग द्यायचा. प्रत्येक रेग्युलेटर उघडायचा. आमचे नावाडी आणि दोन डाइव्हमास्टर करेन समाजाचे आहेत, मायाबंदरकडचे. त्यांचे पूर्वज १९२५मध्ये ब्रह्मदेशातून आले. ते गावी जातात, आणि त्या महिन्यांतही आम्ही पगार देतो. हा खर्च कागदावर आत्ताच धर. ज्या माणसाला पाण्याखाली करंट फिरल्याचं पाण्याच्या रंगावरून कळतं, तो तुला ऑक्टोबरमध्ये नवीन मिळणार नाही.

ओढ टिकते का विचारलंस. मी आठवड्यातून एकदा पाहुण्याशिवाय पाण्यात जाते, ते ठरलेलं आहे, त्या दिवशी बुकिंग घेत नाही. बाकी दिवसांत मला जे आवडतं ते वेगळं आहे. पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेणारा माणूस माझा दंड घट्ट धरून असतो. दोन-तीन मीटरवर कानातला दाब सुटला, चार-पाच श्वास नीट गेले, की त्याची बोटं हळूहळू सैल पडतात आणि तो माझ्याकडे बघायचं सोडून माशांकडे बघायला लागतो. हे बघायचा मला अजून एकदाही कंटाळा आलेला नाही.

एका गोष्टीची तयारी मात्र ठेव. समुद्र तापला की प्रवाळ पांढरं पडतं. २०१०मध्ये इथे ते मोठ्या प्रमाणावर झालं, २०१६मध्ये पुन्हा. आमचा नावाडी २०१०च्या आधीचं जे वर्णन करतो ते ऐकून मी गप्प होते. तू ज्या रीफवर पोट भरणार आहेस तिचं दुखणं तुला रोज दिसणार.

---

देवबागकर

वर ताईंनी लिहिलंय त्यातलं कॉम्प्रेसरचं शंभर टक्के. मी मालवणला बोट चालवतो, सिंधुदुर्ग किल्ल्यामागे आणि तारकर्लीच्या बाजूला स्कुबा करतो. आमचं गणित निराळं. सकाळी आलेला माणूस संध्याकाळी परत कोल्हापूरला, पाण्याखाली थोडाच वेळ, पाणीही अंदमानसारखं नितळ नसतं. पण मे संपता संपता आमचं पूर्ण बंद, ते गणपतीनंतरच. त्या महिन्यांत घरची शेती आहे म्हणून निभावतं. तुझ्याकडे बेटावर शेती नाही, तेव्हा निदान एका पावसाळ्याचा खर्च बाजूला काढून मगच उडी मार.

दुसरं, व्यवहाराचं. मालकाकडे कागद मागशील ते मागच. पण आधी टाक्या बघ. प्रत्येक टाकीच्या खांद्यावर हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाखाली टाकी तपासतात त्याची) तारीख ठोकलेली असते. मुदत संपलेल्या किती ते मोज. कॉम्प्रेसरची वही माग, त्यात तास आणि तेल-फिल्टर बदलल्याच्या तारखा हव्यात. वही नसेल तर मी त्या धंद्यात पैसे घालणार नाही. बोट कोणाच्या नावावर आहे, तिचा विमा प्रवाशांना धरून आहे का, तेही बघ. भागीदारी दुकानात आणि बोट तिसऱ्याच्याच नावावर, असं आमच्याकडे पाहिलंय, आणि भांडण लागल्यावर दुकानात उरले फक्त पायात घालायचे फिन्स.

---

कासवपाठ

मी थायलंडला, को ताओला इन्स्ट्रक्टर आहे, मूळची नागपूरची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात. एवढंच सांगते की डाइव्हमास्टर आणि मालक यांच्यामध्ये इन्स्ट्रक्टरची पायरी आहे, ती गाळू नकोस. भागीदार आजारी पडला आणि तू इन्स्ट्रक्टर नसलास तर त्या दिवशी कोर्स बंद, ट्राय डाइव्ह (नवख्यांची पहिली डाइव्ह) बंद, आणि बाहेरून माणूस आणलास तर तो तुझ्याहून जास्त कमावणार. परीक्षेला बसायला निदान शंभर डाइव्ह नोंदवलेल्या लागतात.

आणि बायकोला नुसतं ‘विरोध नाही’ एवढ्यावर थांबू नकोस. मी इथे पाहिलंय, एक जण पाण्यात आणि दुसरा किनाऱ्यावर वाट बघत, असं वर्षानुवर्षं चालत नाही. त्यांचं स्वतःचं काम काय असेल ते आधी ठरू दे.

---

उत्तरवारा

तिघांचेही मनापासून आभार. तीन_नंबर ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, आजोबांच्या जागी ती थांबली आणि म्हणाली, हे तुला जमेल का ते बघ आधी. देवबागकर दादा, वहीचं विचारलं. वही आहे, पण मधले काही महिने कोरे आहेत, त्याबद्दल बोलणार आहे.

जानेवारीत पुन्हा जाऊन राहायचा विचार होता. त्याऐवजी जूनमध्ये, तिघंही महिनाभर जाऊ का? मुलीच्या शाळेचंही बघता येईल.

---

तीन_नंबर

जूनमध्येच ये. जानेवारीत सगळी दुकानं चांगलीच दिसतात. कोऱ्या महिन्यांचं उत्तर तोंडी घेऊ नकोस, फिल्टर खरेदीच्या पावत्या माग. वापरलेल्या तासांशी त्या जुळतात की नाही, ते तुला एका बैठकीत कळेल.

शाळा आहे. वर्गात बंगाली घरांतली मुलं जास्त, कारण पन्नासच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली कुटुंबं इथे वसवली गेली. आपसात सगळे हिंदीच बोलतात, तुझी लेक आठवड्यात रुळेल. शिक्षकांची गरज असते, तुझ्या बायकोने कागदपत्रं सोबत आणावीत आणि पहिल्याच आठवड्यात शाळेत जाऊन भेटावं.

परतीच्या विमानाआधी पोर्ट ब्लेअरला दोन दिवस हातात ठेव, जूनमध्ये फेरीचा भरवसा नाही. आणि निघण्याआधी पुण्यात कानाच्या डॉक्टरांकडून तपासून घे, त्यांना रोज पाण्यात उतरायचंय असं स्पष्ट सांग. आम्ही त्या महिन्यात आमचा कॉम्प्रेसर पूर्ण उघडणार आहोत. हात लावून बघायचं असेल तर सकाळी लवकर ये, जुने कपडे घालून.