रील चालतेय, पण वेबसाइटवर काळं कुत्रंही फिरकेना – मदत हवी आहे

सेलम_वसमत
नमस्कार मंडळी. वेबसाइट सुरू करून दीड महिना झाला. इन्स्टावर रोज रील, फेसबुकच्या बारा ग्रुपांत पोस्ट, व्हॉट्सॲप स्टेटस, सगळं करून बसलो. शुक्रवारची रील ४१ हजार लोकांनी बघितली. ऑर्डर एकही नाही. साइट पुण्याच्या भाच्याने बनवून दिलीय, दिसायला झकास आहे, मी रोज लॅपटॉपवर उघडून बघतो. जाहिरातीला पैसे घाला असं कृपया सांगू नका. माल घरात पडून आहे, लवकर सांगा.

तेरणाकाठ
विकता काय? पत्ता काय?

जगात_जर्मनी
दादा, इन्स्टा सोडा. यूट्यूबवर या. मी उस्मानाबादी शेळ्यांचे व्हिडिओ टाकतो, फोन बंद ठेवावा लागतो इतकी लोकं विचारतेत. वेबसाइट कामून पाहिजे?

सेलम_वसमत
हळद. नावातच आहे की. पत्ता टाकला की जाहिरात म्हणून धागा उडतो, मागच्या वेळी उडाला.

मोंढा_नाका
सेलम म्हणजे हळदीची एक जात हे लातूरच्या माणसाला कसं कळावं! असो. रीलमध्ये लिंक कुठे देता? कॅप्शनमध्ये टाकत असाल तर ती दाबता येत नाही, नुसती अक्षरं दिसतात. लिंक बायोत, म्हणजे प्रोफाइलवर नावाखालच्या ओळखीत टाका आणि स्टोरीला लिंकचं स्टिकर लावा. आणि रीलमध्ये आहे काय?

सेलम_वसमत
कॅप्शनमध्येच टाकत होतो. रीलमध्ये ढोलात हळद पॉलिश होताना दाखवली आहे. लोकांना त्याचा खडखडाट आवडतो म्हणे.

मोंढा_नाका
म्हणजे ४१ हजार जणांनी आवाज ऐकला आणि पुढे गेले. त्यातले गिऱ्हाईक किती, देव जाणे. त्यापेक्षा दरवर्षी हळद नेणाऱ्यांची व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करा, एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो. २५६ जण बसतात. फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, हे ध्यानात ठेवा. तीच पोस्ट बारा ग्रुपांत चिकटवणं मात्र बंद करा, फेसबुक स्पॅम धरतं.

जगात_जर्मनी
बायोत जाऊन कोण लिंक दाबतंय हो? माणूस तिथवर जाईस्तोवर दुसरी रील लागती.

मोंढा_नाका
ज्याला घ्यायचंय तो जातो. तुमच्या शेळ्या बघणारे सगळेच शेळ्या नेतात का?

जगात_जर्मनी
बोकड तर राहतच नाही शिल्लक.

निवृत्त_कृषी
वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असल्याशिवाय ते चिन्ह पाकिटावर छापता येत नाही. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा क्रमांकही हवाच. आधी ते बघा.

सेलम_वसमत
काका, क्रमांक आहे, चिन्ह मी छापलेलंच नाही. विचारलं काय, सांगताय काय.

तेरणाकाठ
सगळे थांबा जरा. व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की खाली चौकट येते ना, तिच्यात काय लिहिलेलं दिसतं?

सेलम_वसमत
'कमिंग सून' असं काहीतरी. मला वाटलं व्हॉट्सॲपचंच काही असेल. उघडल्यावर साइट नीट दिसते की.

तेरणाकाठ
तुम्हाला दिसते, कारण लॅपटॉपवर तुम्ही मालक म्हणून लॉगिन आहात. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडा.

सेलम_वसमत
बायकोच्या फोनवर उघडली. पांढरं पान आणि 'लवकरच येत आहोत'. दीड महिना लोकं येऊन हेच बघून परत गेली! भाच्याला फोन केला तर म्हणतो, मामा, ते बटण तुम्ही बंद करायचं होतं, मी सांगितलेलं. कधी सांगितलं कुणास ठाऊक.

मोंढा_नाका
😀 तरी मी सांगितलेलं चुकीचं ठरत नाही, दाबता न येणारी लिंक होतीच. आता स्टेटसला जुनीच चौकट येत राहील. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून एखादा शब्द जोडा, म्हणजे नवा पत्ता समजून चौकट नव्याने येते. फेसबुकला वेगळा शब्द, स्टेटसला वेगळा. ॲनालिटिक्स लावलं असेल तर कोण कुठून आलं तेही कळेल.

सेलम_वसमत
ॲनालिटिक्स लावलंय का ते भाच्यालाच विचारतो. बटण बंद केलं, लिंक बायोत टाकली. तेरणाकाठ, तुमचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, अर्धा किलो पाठवतो.

तेरणाकाठ
पाठवू नका, ऑर्डर टाकतो. चालते का तेही कळेल.

जगात_जर्मनी
शेळ्यांच्या जखमेला हळद लागतीच आम्हाला. भाव काय?

सेलम_वसमत
साइटवर लिहिलाय.

जगात_जर्मनी
खडखडाटाची रील हुडकली, बायोतनंच गेलो. भाव दिसलालाय, पण किलोचा का पाव किलोचा तेच लिहिलं नाही.