झोपेतलं 'अराउजल' मराठीत कसं लिहायचं?

शब्दवेडी: स्त्रियांच्या लैंगिक आरोग्यावरचा लेख मराठीत करतेय. त्यात न्यूयॉर्कच्या चार्ल्स फिशर आणि सहकाऱ्यांचा १९८३ चा अभ्यास आहे, जागेपणी आणि झोपेत योनीतला रक्तप्रवाह मोजलेला. अडलंय 'अराउजल' या इंग्रजी शब्दापाशी, त्याचे तिथे दोन अर्थ. एकीकडे कामोत्तेजना, दुसरीकडे झोपेतून क्षणभर जाग येणं. संपादक म्हणतात दोन्हीकडे 'उद्दीपन' करा.

जुनी वही: उद्दीपन नकोच. काव्यातल्या रसशास्त्रात उद्दीपन म्हणजे चांदणं, उपवन, भावना चेतवणारं बाहेरचं कारण. मानसशास्त्रातही उद्दीपक म्हणजे स्टिम्युलस, प्रतिसाद घडवणारी गोष्ट.

कोल्हापूरकर: 'चाळवणं' का नको? आजी म्हणायची झोप चाळवली, आणि वासनाही चाळवतातच. दोन्ही अर्थ एका क्रियापदात, चाळण हलवतो तसंच, संस्कृत कशाला हवंय?

जुनी वही: चाळण म्हणजे संस्कृत चालनी, धातू चल्, सुटका नाही. शिवाय 'वासना चाळवल्या' यात ठपका आहे, शास्त्रीय लेखात नाही चालणार.

रात्रपाळी: मी स्लीप लॅबमध्ये आहे. आमचं अराउजल म्हणजे ईईजीच्या (मेंदूच्या विद्युत नोंदीच्या) लहरी किमान ३ सेकंद अचानक बदलणं, पेशंटला आम्ही 'झोप मोडली' एवढंच सांगतो. आणि फिशरांचं यंत्र बघा ना, आत एक गरम ठेवलेला सेन्सर, रक्त जास्त वाहिलं की उष्णता लवकर निघून जाते आणि तो तितकाच गरम ठेवायला वीज जास्त लागते, तीच मोजायची. रेम झोपेत, म्हणजे बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात आणि स्वप्नं पडतात त्या झोपेत, रक्तप्रवाह वाढायचा, पुरुषांना तेव्हा ताठरता येते तसंच. यात इच्छा कुठे मोजली? सरळ 'रक्तप्रवाह वाढला' लिहा.

शब्दवेडी: हेच म्हणायचंय मला! संशोधक चिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कितीतरी अभ्यास एकत्र करून पाहिलं, स्वतःला काय वाटतं आणि शरीर काय दाखवतं यांचा सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे काहीच नाही) पुरुषांत ०.६६, बायकांत फक्त ०.२६. 'कामोत्तेजना' लिहिलं की वाचक इच्छा समजतो आणि मग अत्याचाराच्या केसमध्येसुद्धा 'शरीराने होकार दिला' म्हणणारे निघतात. ते माझ्या लेखातून होता कामा नये.

कोल्हापूरकर: पटलं. पण 'योनी' तरी बायका मोकळेपणी वाचतील का?

जुनी वही: का नाही? कीर्तनात चौऱ्याऐंशी लक्ष योनी सगळ्यांसमोर म्हणतोच की.

रात्रपाळी: ती योनी वेगळी हो, तिथे जन्म असा अर्थ. ओपीडीत हा शब्द काढला की बायका मान खाली घालतात. आमच्या भागात 'मायांग' म्हणतात, तो घ्या.

शब्दवेडी: मायांग म्हणजे गर्भाशय ना? 'मायांग बाहेर आलं' असंच ऐकलंय मी.

रात्रपाळी: आमच्याकडे दोन्हीला तेच म्हणतात.