सरावाची गणिते एआयकडून करून घेताना कोणती काळजी घ्यावी?

प्रश्न: शिक्षिका, मानेवाडा, नागपूर

नमस्कार. मी एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी आणि दहावीला गणित शिकवते. पाठ्यपुस्तकातील सरावसंच संपले की मुले 'मॅडम, अजून गणिते द्या ना' म्हणून मागे लागतात आणि माझ्याजवळ देण्यासारखी उरतात ती गाइडमधली तीच ती उदाहरणे, ज्यांची उत्तरे त्यांना आधीच पाठ झालेली असतात. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे हाताशी असलेल्या दिवसांत मी एआयच्या एका साधनाकडून आठवीच्या एकचल समीकरणांवर ३० शाब्दिक उदाहरणे तयार करून घेतली, वरवर वाचली आणि शाळा सुरू झाल्यावर छापून वाटली.

त्यातले सहावे उदाहरण असे होते: 'वडिलांचे आजचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे. ५ वर्षांनंतर ते मुलाच्या वयाच्या चौपट होईल, तर मुलाचे आजचे वय काढा.' एका मुलीने ३क्ष + ५ = ४(क्ष + ५) अशी अगदी बरोबर मांडणी केली आणि उत्तर −१५ आले. तिने ते खोडून पुन्हा सोडवले, पुन्हा तेच आले. शेवटी तिने उणे चिन्ह पुसले आणि १५ लिहून वही माझ्याकडे दिली. त्या जागी कागद खोडरबराने विरला होता. चूक मी दिलेल्या प्रश्नात होती आणि ती स्वतःला चुकीची समजत होती, हे मला फार लागले.

साधन बंद करून टाकावे असे मात्र वाटत नाही, कारण उरलेल्यांपैकी बरीच उदाहरणे चांगली होती. आपल्यापैकी जे अशी गणिते करून घेतात ते ती कशी तपासतात आणि मुळात मागणी कशी करतात, हे कृपया सांगावे.

उत्तर १: निवृत्त गणित शिक्षक, महाल

मॅडम, तुमच्या सहाव्या उदाहरणात काय बिघडले ते आधी पाहू, कारण उपायही त्यातच आहे. बाप-लेकांच्या वयांतील फरक जन्मभर तोच राहतो, पण दोघांचीही वये वाढत जातात, त्यामुळे पट सतत कमी होत जाते. आज तिप्पट असेल तर पुढे अडीचपट होईल, दुप्पट होईल. चौपट कधीच होणार नाही, ती मागे होऊन गेलेली असते. ज्याने हे उदाहरण रचले त्याने आधी शब्द जुळवले आणि उत्तर काय येते ते येऊ दिले.

आम्ही सरावाची गणिते हाताने रचायचो तेव्हा उलटे चालायचो. मुलगा १२ वर्षांचा, वडील ३६ वर्षांचे, फरक २४. म्हणजे मुलगा २४ वर्षांचा होईल त्या दिवशी वडील ४८ वर्षांचे आणि बरोबर दुप्पट. मग वाक्य लिहायचे: 'आज तिप्पट, १२ वर्षांनंतर दुप्पट.' दहावीच्या वर्गसमीकरणाचेही तसेच. मुळे ३ आणि −५ ठरवली की बेरीज −२, गुणाकार −१५, आणि समीकरण क्ष² + २क्ष − १५ = ० असे आपोआप उभे राहते. साधनाला उदाहरणे मागताना हीच वाट घालून द्यावी: आधी उत्तर ठरव, त्यावरून प्रश्न रच, आणि शेवटी उत्तर प्रश्नात ठेवून पडताळा लिहून दाखव.

यापुढची गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. उदाहरणातली संख्या कोणतीही चालत नाही. अपूर्णांकांची बेरीज शिकवताना तुम्ही १/३ + १/५ दिले, तर छेदांचा गुणाकार १५ आणि लसावि १५ एकच येतात. ज्या मुलाच्या डोक्यात 'छेद नेहमी एकमेकांनी गुणायचे' एवढेच बसले आहे, तोही पूर्ण गुण घेऊन जातो आणि त्याची समज तुम्हाला कळतच नाही. त्याच जागी १/६ + १/४ द्या. एक मुलगा १२ छेद घेईल, दुसरा २४ घेऊन १०/२४ वर येईल. दोघांचीही उत्तरे बरोबरच, परंतु वही पाहताक्षणी कोणाला लसावि समजला आहे आणि कोणाला नाही हे दिसते. साधनाला नुसते 'अपूर्णांकांच्या बेरजेची २० उदाहरणे दे' म्हटले तर ते दोन्ही प्रकार सरमिसळ करून देईल, कारण कोणते मूल कशात अडले आहे हे त्याला सांगितलेलेच नसते. ते तुम्हीच सांगायचे: 'ज्यांच्या छेदांत सामाईक अवयव आहे पण एक छेद दुसऱ्याच्या पटीतला नाही, अशीच उदाहरणे हवीत.' हे वाक्य लिहायला पाच मिनिटे विचार करावा लागतो. तो वेळ वाचवू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे.

उत्तर २: संगणक अभियंता, आयटी पार्क परिसर

सरांच्या पद्धतीला थोडी तांत्रिक जोड देतो. ही साधने भाषेच्या प्रतिरूपावर (लँग्वेज मॉडेलवर) चालतात. आतापर्यंतच्या मजकुरानंतर कोणता तुकडा येण्याची शक्यता अधिक आहे ते पाहून पुढचा तुकडा लिहितात. वयाच्या उदाहरणांत 'तिप्पट', 'चौपट', '५ वर्षांनंतर' हे शब्द जवळजवळ येतात, म्हणून ते वाक्य त्याला सहज जमते. तशी परिस्थिती खरोखर असू शकते का, याची पडताळणी त्यात आपोआप होत नाही. उत्तरसूचीही त्याच रीतीने लिहिली जाते. म्हणून प्रश्न आणि उत्तर एकमेकांशी जुळलेले दिसले तरी दोन्ही चुकलेले असू शकतात, आणि 'नीट तपासून पाहा' असे नुसते म्हटल्याने ते पुष्कळदा आपलेच म्हणणे पुन्हा सांगते.

यावर खात्रीचा मार्ग म्हणजे आकडेमोड त्याच्याकडून शब्दांत करून न घेता त्याला पायथॉन या संगणकभाषेत छोटा प्रोग्रॅम लिहायला लावणे. आता अनेक साधने असा प्रोग्रॅम लिहून तिथल्या तिथे चालवूनही दाखवतात. प्रोग्रॅमने मुळे निवडायची, समीकरण बांधायचे, मुळे परत ठेवून बाकी शून्य येते का पाहायचे आणि अटीत बसलेलीच उदाहरणे छापायची. अटी मात्र स्पष्ट लिहाव्यात: वय धन पूर्णांक असावे, वडिलांचे वय मुलाच्या वयापेक्षा किमान २० वर्षांनी जास्त असावे, त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असावी. ही शेवटची अट मी स्वतः ठेच लागल्यावर शिकलो. माझ्या मुलीला ७, १२ आणि २० सेंटिमीटर बाजूंच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढायला दिले गेले होते. ७ आणि १२ मिळून १९ होतात, म्हणजे तो त्रिकोण मिटतच नाही, आणि सूत्रात वर्गमुळाखाली ऋण संख्या येते.

आणखी एक गोष्ट: मुलांची नावे किंवा गुण साधनात टाकू नयेत. 'एका विद्यार्थ्याची अशी चूक होते' एवढे पुरते.

उत्तर ३: जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, काटोल तालुका

माझा अनुभव भाषेचा आहे. मराठीत मागितले तरी मध्येच 'द्विघात समीकरण', 'विविक्तकर', 'समांतर श्रेढी' असे हिंदी पुस्तकातले शब्द येतात. आपल्या मुलांच्या पुस्तकात वर्गसमीकरण, विवेचक आणि अंकगणिती श्रेढी आहे. नागपूरकडे मुले दिवसभर हिंदी ऐकतात, त्यामुळे त्यांना वाक्य कळते पण संज्ञा कळत नाही, आणि आपल्याला वाटते की मुलाला गणितच येत नाही. मी आता धड्यातील संज्ञांची यादी आधी देते आणि 'याच संज्ञा वापर' असे सांगते.

संदर्भांचेही तसेच आहे. ऋण संख्यांसाठी मला 'नागपूरचे पहाटेचे तापमान −८ अंश होते' असे उदाहरण मिळाले होते. इथे पारा शून्याखाली जात नाही हे मुलांना माहीत असते आणि वर्ग गणित सोडून त्यावरच बोलू लागतो. उलट सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकावर दोन मार्ग एकमेकांना छेदतात, त्यावरून केलेले उदाहरण फार रंगले: समजा एका मार्गावर दर १० मिनिटांनी आणि दुसऱ्यावर दर १५ मिनिटांनी गाडी येते आणि सकाळी ८ वाजता दोन्ही एकदम आल्या, तर पुन्हा एकदम केव्हा येतील? लसावि ३०, म्हणून साडेआठ. जी मुले एकदा तरी नागपूरला मेट्रोत बसली होती, त्यांनी बाकीच्यांना स्थानकाचे दोन मजले फळ्यावर काढून दाखवले.

प्रश्नकर्त्या शिक्षिका पुन्हा

सर्वांचे आभार. काल मी वह्या घेऊन बसले आणि पाहिले की दहावीच्या बऱ्याच जणांची चूक एकच आहे: −(२क्ष − ३) चा कंस सोडवताना ते −२क्ष − ३ लिहितात. तेव्हा नव्या संचात फक्त हाच प्रकार मागितला, उत्तर आधी ठरवायला लावले आणि २० पैकी प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवून पाहिले. दोन काढून टाकावी लागली, कारण त्यांत कंसातली दुसरी संख्या शून्य होती आणि चूक करणाऱ्याचेही उत्तर बरोबर आले असते.

ते सहावे उदाहरण मी फळ्यावर पुन्हा लिहिले आणि मुलीला सांगितले की तुझे −१५ बरोबर होते. आता एक शंका आहे. अशी अशक्य उदाहरणे मुद्दाम संचात ठेवावीत का?

उत्तर: निवृत्त गणित शिक्षक, महाल

जरूर ठेवावीत, पण सुरुवातीच्या संचात नकोत. हात बसल्यावर १० उदाहरणांत एक ठेवा आणि वरच्या सूचनेत स्पष्ट लिहा की यांपैकी एक परिस्थिती घडू शकत नाही, ती शोधा आणि का घडू शकत नाही ते एका वाक्यात लिहा. न सांगता ठेवले तर ज्यांचा स्वतःवर विश्वास कमी आहे ती मुले पुन्हा खोडरबर हातात घेतील.