वाटी नको, कच्चा तांदूळ तोला
एक वाटी इंद्रायणी नि एक वाटी उकडा खाऊन बघितला, इंद्रायणीने रक्तातली शुगर जास्त चढली म्हणून तो तांदूळ वाईट, असं एकाने लिहिलंय. असेलही, इंद्रायणीसारख्या चिकट तांदळात अमायलोज (हळू पचणारं पिष्ट) कमी असतं नि तो पटकन पचतो, पण वाटीच्या मापाने हे कळणार नाही. इंद्रायणीचा भात वाटीत दाबून बसतो, उकड्याची शितं मोकळी राहतात, म्हणजे वाटी तीच पण पोटात पिष्ट वेगळं गेलं. लॅबमध्ये जीआय (एखाद्या पदार्थाने रक्तातली शुगर किती चढते त्याचा आकडा) काढताना म्हणूनच 50 ग्रॅम पचणारं कार्बोहायड्रेट मोजून देतात आणि दोन तासांत सात वेळा रक्त घेतात.

आम्ही आईसाठी कच्चा तांदूळच काट्यावर तोलतो, सोबत वरण-तूप काही नाही (कोरडा भात कोण खातं म्हणून ती वैतागते ते वेगळं), आणि एक तासाने नि दोन तासांनी बोट टोचतो. नुसतं दोन तासांचं रीडिंग घेतलं तर मधला चढ बऱ्याचदा दिसतच नाही. आणि हो, शुगर 100 च्या वर असली की घरच्या शुगर मीटरला 15 टक्के इकडेतिकडे चालतं, त्यामुळे 160 नि 175 वरून कुठल्या तांदळाला नावं ठेवू नका. भात ताजा होता की फ्रीजमधला गरम केलेला तेही लिहा, गार झालेल्या भाताने शुगर जरा कमी चढते.